नेताजींनी नोकरी का सोडली?

सिंगापूरमध्ये धोबी घाट एमआरटी स्टेशनच्या बाहेर आलात की कॅथे नावाची इमारत दिसते. तिचा दर्शनी भाग जुना आहे, १९३९ सालचा. त्या काळी एवढी उंच इमारत अख्ख्या सिंगापूरमध्ये नव्हती. आत थंडगार एसी थिएटर होतं. पण ४ जुलै १९४३ या दिवशी तिथे सिनेमा नव्हता, सभा होती. मंचावर गोल चष्मा घातलेले, शेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ उभे होते: सुभाषचंद्र बोस. सगळे त्यांना नेताजी म्हणत.

नेताजींची ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. या पाठात मात्र आपण त्याच्या बावीस वर्षं मागे जाणार आहोत. तेव्हा सुभाषबाबू चोवीस वर्षांचे होते, केंब्रिजमध्ये शिकत होते आणि एका राजीनाम्याचा विचार करत होते. राजीनामा म्हणजे 'मी ही नोकरी सोडतो' असं लिहून दिलेलं पत्र.

सुभाषबाबूंचा जन्म २३ जानेवारी १८९७ चा, ओडिशातल्या कटक गावचा. वडील जानकीनाथ हे नावाजलेले वकील होते. आईचं नाव प्रभावती. घरात चौदा भावंडं, त्यातले हे नववे. मुलगा हुशार होता, पण सरळ रेषेत चालणारा नव्हता. कॉलेजमध्ये असताना एका इंग्रज प्राध्यापकाला मुलांनी मारहाण केली, त्या प्रकरणात सुभाषबाबूंना कॉलेजमधून काढून टाकलं. मग दुसऱ्या कॉलेजात जाऊन त्यांनी तत्त्वज्ञान हा विषय घेतला आणि पहिल्या वर्गात पदवी मिळवली. हे साल १९१९.

एके दिवशी वडिलांनी त्यांना बोलावलं आणि विचारलं, इंग्लंडला जाऊन आयसीएसची परीक्षा देतोस का? उत्तर द्यायला त्यांनी चोवीस तास दिले.

आयसीएस म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस. त्या वेळी भारतावर इंग्रजांचं राज्य होतं आणि ते राज्य चालवायला सुमारे हजारभर मोठे अधिकारी होते. तेच आयसीएस. जिल्ह्याचा कलेक्टर आयसीएस, वरच्या कोर्टातले बरेच न्यायाधीश आयसीएस. पगार भरपूर, राहायला बंगला, म्हातारपणी पेन्शन. सिंगापूरमधले आपले चिनी शेजारी पक्क्या नोकरीला लोखंडी भाताचा वाडगा म्हणतात, पडला तरी न फुटणारा. आयसीएस हा तसाच वाडगा होता, आणि त्यात भातही अगदी काठोकाठ! एखाद्या घरातला मुलगा आयसीएस झाला की सात पिढ्यांचं भलं झालं असं लोक समजत.

सुभाषबाबूंना इंग्लंडला शिकायला जायचं होतं. पण इंग्रज सरकारची चाकरी करायची नव्हती. मग त्यांनी स्वतःची एक गमतीशीर समजूत घातली. परीक्षेला जेमतेम आठ महिने उरले आहेत, एवढ्यात आपण थोडेच पास होणार? आणि पास झालो नाही तरी केंब्रिजची पदवी तर मिळेलच. असा विचार करून ते हो म्हणाले आणि सप्टेंबर १९१९ मध्ये बोटीत बसले.

इथेच घोळ झाला. ते पास झाले! जुलै १९२० मध्ये परीक्षा झाली, पेपर बरे गेले नाहीत असं त्यांना वाटत होतं. सप्टेंबरमध्ये एका रात्री मित्राची अभिनंदनाची तार आली. खरं काय ते कळायला सकाळच्या वर्तमानपत्राची वाट बघावी लागली. गुणवत्ता यादीत त्यांचा नंबर चौथा होता. इंग्रजी निबंधात तर ते सगळ्यांच्या पुढे होते, म्हणजे इंग्रज मुलांच्याही पुढे.

आता बघा, नापास होण्याच्या भरवशावर घेतलेला निर्णय पास झाल्यावर अंगाशी आला. नको असलेली गोष्ट हातात आली, आणि तीही अशी, की ती मिळावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसत.

पुढचे सात महिने सुभाषबाबू याच विचारात होते. मोठे भाऊ शरदचंद्र कलकत्त्यात बॅरिस्टर होते. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम. सुभाषबाबू त्यांना लांबलचक पत्रं लिहीत. त्या काळी विमानाची टपाल नव्हती. बोटीने पत्र कलकत्त्याला जायला साधारण तीन आठवडे, उत्तर यायला आणखी तीन. म्हणजे एक प्रश्न विचारला की उत्तर दीड महिन्याने! आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या रेघा दिसल्या आणि पाच मिनिटांत उत्तर आलं नाही तर वैतागतो. पण त्या दीड महिन्यात माणूस आपलंच पत्र मनात पुन्हा पुन्हा वाचतो, आणि मला वाटतं त्याचा सुभाषबाबूंना उपयोगच झाला.

वडिलांचं म्हणणं काय होतं? ते काही इंग्रजांचे भक्त नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की आता नवे कायदे येत आहेत, दहा वर्षांत देशाला बरेचसे अधिकार मिळतील. तोपर्यंत या नोकरीत स्वाभिमानी माणसाला राहता येणार नाही असं काही नाही. स्वाभिमानी म्हणजे स्वतःचा मान राखणारा. आणि नोकरीत राहूनही देशाचं काम करता येतंच की. बंगालचे रमेशचंद्र दत्त आयसीएस होते आणि त्यांनीच इंग्रजांच्या काळात भारत गरीब कसा झाला यावर मोठे ग्रंथ लिहिले. वडिलांचा मुद्दा कच्चा नव्हता. ते स्वार्थी होते असं समजू नका. चौदा मुलांचा बाप असा विचार करणारच.

सुभाषबाबूंची अडचण वेगळी होती. नोकरीत रुजू होण्याआधी एका करारावर सही करावी लागे. सरकारशी एकनिष्ठ राहीन, असा तो करार. त्यांना वाटे, एकदा ही सही केली की आपण कुणाचे झालो ते ठरलं. दिवसा इंग्रज सरकारची सेवा आणि रात्री मनातल्या मनात देशाची सेवा हे आपल्याला जमणार नाही. आधी सही करू, काही वर्षं पैसे साठवू, मग सोडू, असाही एक मार्ग होता. तो त्यांना सगळ्यात धोक्याचा वाटला. सुखाची सवय लागली की माणूस उठत नाही, हे त्यांना कळत होतं.

त्याच वेळी भारतात मोठी घडामोड चालू होती. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि गांधीजींची असहकाराची चळवळ मंजूर झाली. असहकार म्हणजे सरकारला मदत न करणं: सरकारी शाळा, कोर्ट, पदव्या सगळं सोडायचं. कलकत्त्याचे चित्तरंजन दास हे फार मोठे बॅरिस्टर, प्रचंड कमाई. त्यांनी वकिली सोडून दिली. पन्नाशीला आलेला, घरसंसार असलेला माणूस एवढं सोडू शकतो, तर आपल्यावर ना बायको ना मुलं, आपल्याला काय अवघड आहे? सुभाषबाबूंनी भावाला साधारण याच अर्थाचं लिहिलं.

पण एक गोष्ट लोक सांगताना विसरतात. सुभाषबाबूंनी नुसता तडकाफडकी राजीनामा फेकला नाही. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यांनी दासबाबूंना पत्र लिहून विचारलं, की मी परत आलो तर माझ्यासाठी काय काम आहे? मी राष्ट्रीय कॉलेजात शिकवू शकेन, वर्तमानपत्रात लिहू शकेन, असंही त्यांनी सुचवलं. म्हणजे ही जवळजवळ नोकरीसाठी अर्ज केल्यासारखीच गोष्ट होती. पगार अगदी थोडा असणार हे त्यांना माहीत होतं. काम आहे असं दासबाबूंचं उत्तर आलं.

२२ एप्रिल १९२१ ला त्यांनी राजीनामा दिला. उमेदवारीच्या काळासाठी सरकारकडून मिळालेले शंभर पौंडही परत करायची तयारी त्याच पत्रात दाखवली. लंडनमधल्या एका मोठ्या इंग्रज अधिकाऱ्याची आणि त्यांच्या वडिलांची जुनी ओळख होती. त्याने पुन्हा विचार कर म्हणून सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. वडील दुखावले. पण थोड्याच दिवसांत आईचं पत्र आलं. बाकीचे काहीही म्हणोत, तिला स्वतःला गांधीजींचा मार्ग पसंत होता. घरात सगळ्यात कमी शिकलेल्या माणसाने सगळ्यात स्पष्ट पाठिंबा दिला.

राजीनाम्यानंतर ते लगेच पळत सुटले नाहीत. थांबून केंब्रिजची पदवी पूर्ण केली. मग १६ जुलै १९२१ ला मुंबईच्या बंदरात उतरले आणि त्याच दिवशी दुपारी गावदेवीच्या मणिभवनात गांधीजींना भेटायला गेले. त्या भेटीत त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही. कलकत्त्यात दासबाबूंना भेटल्यावर मात्र आपला नेता सापडला असं त्यांना वाटलं. चोवीस वर्षांचा हा तरुण राष्ट्रीय कॉलेजचा प्राचार्य झाला आणि डिसेंबरमध्ये तुरुंगात गेला. नव्या नोकरीत पहिल्याच वर्षी तुरुंग!

आता थोडं बाजूला जाऊन एका मराठी माणसाची ओळख करून घेऊ. चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यात महाडजवळ नाते नावाचं गाव आहे, तिथला १८९६ चा जन्म. म्हणजे सुभाषबाबूंपेक्षा एक वर्षाने मोठे. तेही केंब्रिजला शिकले, आणि १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आले. त्यांच्याही मनात तोच प्रश्न होता: ही नोकरी करू की देशाच्या चळवळीत जाऊ? त्या सुमारास लोकमान्य टिळक एका खटल्यासाठी लंडनमध्ये होते. चिंतामणराव त्यांच्याकडे सल्ला विचारायला गेले. इंग्रजांनी ज्यांना सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात ठेवलं ते टिळक काय सांगतील असं तुम्हाला वाटतं? त्यांनी नोकरी करायला सांगितलं. उद्या स्वराज्य आलं की राज्य चालवणारी अनुभवी माणसं लागतील, तेव्हा तुझा उपयोग होईल, असा त्यांचा विचार होता.

चिंतामणराव नोकरीत राहिले. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आणि त्याच्या एकच महिना आधी सुभाषबाबू इथे, सिंगापूरमध्ये, इंग्रजांविरुद्ध फौज उभी करत होते. एकाच परीक्षेच्या दारातून दोघं दोन दिशांना गेले. कोण बरोबर? मला विचाराल तर या प्रश्नाला एकच उत्तर असतं असं मला वाटत नाही. टिळकांनाही तसं वाटत नसावं.

मधली वीस वर्षं आपण भराभर बघू. १९२४ मध्ये सुभाषबाबू कलकत्ता महापालिकेचे मुख्य अधिकारी झाले. पगार तीन हजार रुपये होता, त्यांनी दीड हजारच घेतला. सहा महिन्यांत इंग्रजांनी पकडलं आणि पुढे ब्रह्मदेशातल्या मंडालेला पाठवलं, जिथे टिळक होते त्याच तुरुंगात. १९३८ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, १९३९ मध्ये पुन्हा निवडून आले, पण गांधीजींशी मतभेद झाले आणि त्यांनी तेही पद सोडलं. हा दुसरा मोठा राजीनामा. जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या घरातून, पहारा चुकवून, वेष बदलून ते निसटले. काबूलमार्गे जर्मनी, तिथून पाणबुडीने निघून आफ्रिकेच्या मादागास्करजवळ भर समुद्रात जपानी पाणबुडीत बदली, मग जपान, आणि २ जुलै १९४३ ला सिंगापूर.

सिंगापूरमध्ये तेव्हा काय परिस्थिती होती? १५ फेब्रुवारी १९४२ ला इंग्रजांनी जपानपुढे हार मानली. दोन दिवसांनी हजारो भारतीय सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानात जमवलं. आज तिथे त्याच नावाचं एमआरटी स्टेशन आहे. त्या सैनिकांचीही नोकरी पक्की होती, पगार होता, पेन्शन होती, शपथ घेतलेली होती. आता त्यांना सांगितलं गेलं, की इंग्रजांचं सैन्य सोडा आणि भारताला स्वतंत्र करणाऱ्या आझाद हिंद सेनेत या. काही गेले, काही नाही. नाही म्हणणारे भित्रे नव्हते. शपथ मोडायची नाही म्हणून त्यांनी युद्धकैदी राहणं पत्करलं, आणि त्यातल्या अनेकांना जपान्यांनी दूरच्या बेटांवर मजुरीला नेलं. सुभाषबाबूंना एका करारावर सही करताना सात महिने झोप लागली नव्हती. या सैनिकांना तेवढा वेळ कुणी दिला?

होय म्हणणाऱ्यांमध्ये एक मराठी अधिकारी होते, जगन्नाथराव भोसले. सावंतवाडीजवळच्या तिरोडे गावचे, इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये शिकलेले. नेताजींच्या सेनेत ते चीफ ऑफ स्टाफ झाले, म्हणजे सेनेचा सगळा कारभार बघणारे प्रमुख.

५ जुलैला नेताजींनी पडांगच्या मैदानात सेनेची सलामी घेतली. समोर म्युनिसिपल बिल्डिंग होती, आजची नॅशनल गॅलरी. मग पुढचे काही महिने सिंगापूर आणि मलायातल्या भारतीय घरांमध्ये एकच चर्चा होती: जायचं की नाही? दुकानदार, कारकून, रबराच्या मळ्यावर काम करणारे तमिळ मजूर. कुणी पैसे दिले, कुणी दागिने दिले, कुणी स्वतः गेले. डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन १९४० पासून सिंगापुरात गरिबांसाठी दवाखाना चालवत होत्या. नेताजींशी त्यांची काही तास चर्चा झाली आणि त्यांनी चांगला चाललेला दवाखाना बंद करायला घेतला. त्या स्त्रियांच्या पलटणीच्या प्रमुख झाल्या. पलटणीचं नाव होतं झाशीची राणी. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मनकर्णिका तांबे, आपल्या मराठीच! या पलटणीचं पहिलं शिबिर वॉटर्लू स्ट्रीटवर, ऑक्टोबर १९४३ मध्ये भरलं. मळ्यावरच्या शेकडो मुली, ज्यांनी भारत कधी पाहिलाही नव्हता, त्यात आल्या.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्या वर्गात चिनी मित्रमैत्रिणी आहेत. जपानी सैन्याने १९४२ मध्ये सिंगापूरच्या हजारो चिनी लोकांना ठार मारलं. त्याला सूक चिंग म्हणतात. त्यांच्या घरात त्या काळाची आठवण वेगळी आहे. नेताजींनी इंग्रजांना घालवण्यासाठी त्याच जपानची मदत घेतली. भारतातही यावर आजपर्यंत वाद होतो. तुमच्या आजीआजोबांना विचारलंत तर एकाच घरात दोन मतं निघतील.

२१ ऑक्टोबर १९४३ ला कॅथेमध्येच नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. पुढच्या वर्षी रंगूनमध्ये आझाद हिंद बँकही निघाली. म्हणजे मुंबईत चिंतामणराव इंग्रज राज्याची बँक सांभाळत होते आणि रंगूनमध्ये सुभाषबाबू स्वतंत्र भारताची बँक काढत होते! सेना इंफाळपर्यंत गेली, पण तिथे हार झाली. जुलै १९४५ मध्ये नेताजींनी एस्प्लनेडला, समुद्राच्या बाजूला, मेलेल्या सैनिकांच्या स्मारकाचा पाया घातला. १६ ऑगस्टला ते सिंगापूरहून निघाले आणि दोनच दिवसांनी तैवानमध्ये विमान अपघातात गेले. सप्टेंबरमध्ये इंग्रज परत आले आणि त्यांनी ते स्मारक पाडून टाकलं.

पुढे काय झालं तेही वाचा. भारत स्वतंत्र झाला, पण आझाद हिंद सेनेच्या लोकांना भारतीय सैन्यात परत घेतलं नाही. शिस्तीचा प्रश्न होता, असं सरकारचं म्हणणं पडलं. ज्या देशासाठी नोकरी सोडली त्याच देशाच्या सैन्यात नोकरी नाही! कुणी शेती केली, कुणी पोलिसात गेलं, कुणी वर्षानुवर्षं काम शोधत राहिलं. भोसले पुढे दिल्लीत उपमंत्री झाले आणि निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. साध्या सैनिकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन मिळायला १९७२ साल उजाडलं. तोवर त्यातले कित्येक हयात नव्हते.

आणि चिंतामणराव? ते स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले, टिळकांनी सांगितलं होतं तसं. पण १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं सरकारने ठरवलं, तेव्हा त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेव्हा ते साठ वर्षांचे होते.

एस्प्लनेड पार्कमध्ये, जिथे ते स्मारक होतं त्या जागी, १९९५ मध्ये सिंगापूर सरकारने माहितीचा एक फलक लावला. सिटी हॉल स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं लागतात. झाडाखाली आहे, पटकन दिसत नाही.